किट घालत नाहीत, ते नेमकं कशामुळे?

पत्र:

"ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला. घरी नऊ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सध्या मोठ्या शहरातल्या एका संस्थेत डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण घेतोय, शेवटचं वर्ष. प्रबंधाला विषय गावातलाच घेतला: फवारणी करणाऱ्यांचं संरक्षक किट. २०१७ मध्ये मी शाळेत होतो. शेजारचे एक काका तेव्हा फवारणीतल्या विषबाधेने अकरा दिवस दवाखान्यात होते, ते डोक्यातून जात नाही.

गेल्या खरिपात मी फवारणी करणाऱ्या चौदा जणांशी बोललो. नऊ फवारण्या बांधावर उभं राहून पाहिल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं, किटमध्ये उकडते. म्हणून सुती कापडाचा, पाठीला जाळी असलेला हलका अंगरखा केला. तीन नमुने झाले. माझी काकू (ती फवारत नाही, फक्त पाणी आणून देते आणि दवाई ढवळून देते) तिनेच शिवून दिले. लोकांना आवडला. पण परीक्षणाच्या दिवशी समिती म्हणाली, 'काम चांगलं आहे, पण ही गोष्ट झाली, संशोधन नाही. रिगर, म्हणजे काटेकोरपणा, कुठे आहे?' मार्गदर्शक म्हणतात दोनशे जणांचा सर्व्हे कर. मित्र म्हणतो, डिझाइनमध्ये सिद्ध काही करायचं नसतं, वस्तू हाच पुरावा. बाबा म्हणतात, एप्रन शिवाले एवढा शिकला काय. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा आहे. सर्व्हे करू का? नाव छापू नका."

उत्तर:

सर्व्हे करू नकोस. निदान आत्ता तरी नको.

तुझ्या मार्गदर्शकांना समितीचा स्वभाव माहीत असणार. आकडे दिसले की समित्या लवकर गप्प बसतात. पण तू चौदा जणांना विचारलंस, ते म्हणाले "उकडते". दोनशेंना विचारशील, तेही बहुतेक हेच म्हणतील. तुझ्या हाती टक्केवारी येईल, एक रंगीत गोल आलेख येईल आणि आजची शंका जिथल्या तिथे राहील. किती जण म्हणाले यावर समितीने बोट ठेवलेलंच नाही. ते म्हणाले त्यावरून तू अंगरख्यापर्यंत कसा पोचलास, ती मधली वाट तुझ्या कागदांत दिसत नाही. तुझ्या डोक्यात ती असेल. दुसऱ्याला त्या वाटेने चालून बघता आलं पाहिजे आणि वाटेत खड्डा असेल तर त्याचा पाय त्यात पडला पाहिजे.

यासाठी एक जुनं साधन आहे. स्टीफन टुलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली असं मांडलं की माणसं कोर्टात किंवा रोजच्या व्यवहारात जो युक्तिवाद करतात तो गणिताच्या सिद्धतेसारखा नसतो. त्याचे सहा भाग वेगळे करून पाहता येतात. मी त्यांना माझ्या विद्यार्थ्यांसाठी दावा, आधार, दुवा (आधारावरून दाव्याकडे नेणारं गृहीत), टेकू (त्या दुव्याला बळ देणारं), मर्यादा आणि अपवाद अशी नावं ठेवली होती. नावं कुठलीही ठेव. त्यातला दुवा तेवढा सोडू नकोस, कारण घोळ होतो तो बहुतेक वेळा तिथेच.

तुझंच प्रकरण घेऊ. दावा असा, की हलका आणि हवेशीर अंगरखा दिला तर फवारणी करणारे तो घालतील. आधार असा, की चौदा जणांनी सध्याच्या किटमध्ये उकडतं असं सांगितलं. आणि दुवा? तो तुझ्या पत्रात कुठेच नाही. मी दोन ओळींच्या मधून उकरून काढला तेव्हा तो असा निघाला: माणूस एखादी गोष्ट का करत नाही याचं जे कारण सांगतो तेच खरं कारण असतं, ते एकटंच असतं, आणि ते दूर केलं की माणूस ती गोष्ट करायला लागतो. बघ, एका वाक्यात तीन गृहीतं आहेत आणि तिन्ही लंगडी.

माझाही पाय या खड्ड्यात पडलेला आहे. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही सुधारित चुलीच्या एका कामात होतो. बाया नवी चूल वापरेनात. विचारलं तर म्हणायच्या, भाकर नीट शेकत नाही. आम्ही पावसाळाभर त्या चुलीचं तोंड मोठं कर, लहान कर, हेच करत बसलो. पुढे उन्हाळ्यात एकीकडे मुक्काम पडला तेव्हा उलगडा झाला: आमची चूल स्वयंपाकघरात पक्की बसवलेली, आणि चैत्र लागला की अख्खा गाव अंगणात रांधायचा. भाकरीचं कारण खोटं नव्हतं, पण भाकर फुगली असती तरी चूल अंगणात थोडीच आली असती.

तुझ्या "उकडते"चंही असं असू शकतं. उकडतं हे खरंच. भादव्याच्या उन्हात, पावसाने उघडीप दिल्यावर, छातीएवढ्या पऱ्हाटीत (कपाशीत) शिरून फवारताना कोणाला उकडणार नाही? पण तुमच्याकडे फवारणीची मजुरी कशावर ठरते, दिवसावर की पंपावर, म्हणजे किती टाक्या मारल्या त्यावर? पंपावर असेल तर मोजे घालायला, काढायला, चोंदलेलं नोजल मोज्यांतल्या बोटांनी साफ करायला जाणारा प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून जातो. मग तो नोजल काढतो आणि तोंडाने फुंकतो. नऊ फवारण्यांत तू हे पाहिलं असशीलच. पाहिलं असशील तर तुझ्या टिपणांत ते कुठे गेलं?

आपल्याकडच्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, याला नेमका शब्द आहे: उपाधी. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे त्यांचं ठरलेलं उदाहरण तुला शाळेत कोणीतरी सांगितलं असेल. पण त्याच पंडितांनी ते उलटंही करून पाहिलं: आग आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येईल का? नाही म्हणाले. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर व्हायला आगीबरोबर ओलं सरपण लागतं. ही जी न बोललेली अट मध्ये लपलेली असते, ती उपाधी. ओली पऱ्हाटी चुलीत घातली की काय होतं हे तुझ्या घरी कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. तुझ्या दुव्यातलं ओलं सरपण कदाचित पंपावरची मजुरी आहे. कदाचित किट शेतमालकाच्या घरी लटकलेलं असतं आणि फवारणारा मजूर दुसराच असतो. कदाचित मोजे त्याच्या हाताच्या मापाचेच नसतात. मला माहीत नाही, आणि आज तुलाही माहीत नाही. पण शोधता येईल, आणि त्यासाठी दोनशे माणसं लागत नाहीत.

लागेल तो हरभरा.

हे पत्र छापून येईपर्यंत तुमच्याकडे थंडी पडलेली असेल आणि घाटेअळीसाठी हरभऱ्यावर फवारण्या चालू झाल्या असतील. सकाळी आठ वाजता, अंगात स्वेटर घालून माणसं फवारत असतील. तिथे जा आणि बघ, किट घालतात का. तुझा दावा खरा असेल तर उकाडा नसताना किट अंगावर दिसायला हवं. दिसलं तर तुझा दुवा एकदम भक्कम होईल. थंडीतही किट खुंटीलाच असेल तर उकाडा हे कारण होतं, पण एकटं नव्हतं, एवढं तरी नक्की.

आता यावर तू म्हणशील, हरभरा गुडघ्याएवढा असतो, दवाई अंगावर कमी येते, म्हणून लोक बेफिकीर असतील. तेव्हा ही तुलना सरळ नाही. शाबास. हेच लिही. याला अपवादाचा रकाना म्हणतात, आणि तो भरताना लाजायचं नसतं. एक मात्र कर: हरभऱ्याच्या शेतात जायच्या आदल्या रात्री वहीत तारीख टाकून लिहून ठेव की काय दिसलं तर तू तुझा दावा बदलशील. नंतर लिहिलंस तर जे दिसलं ते आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं वाटायला लागतं. सगळ्यांनाच वाटतं.

आता काकूकडे येऊ. कारण खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचताना मी तिथे थांबले ते बराच वेळ थांबले.

"ती फवारत नाही, फक्त पाणी आणून देते आणि दवाई ढवळून देते." हे तू कंसात लिहिलं आहेस. पंधरा-सोळा लिटरच्या टाकीत जाते ती दवाई पाण्याने पातळ झालेली असते. बाटलीचं बूच उघडून, मापाने काढून, बादलीत ओतून ढवळणारीच्या हाताशी जी येते ती निखळ, पाणी न लागलेली. तिच्या हातावर पडणारा एक थेंब आणि फवाऱ्यातला एक थेंब सारखे नाहीत. आणि तिच्या अंगावर कुठलंच किट नाही, कारण किट हे फवारणाऱ्याचं, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे. किट पुरवणाऱ्यांनी ठरवलं आणि अंगरखा करताना तूही ठरवलंस. तिने तुझे तिन्ही नमुने शिवले आणि तुझ्या चौदा जणांत ती नाही.

यात तुला दोष देत नाही. (थोडासा देते.) पण मर्यादा नावाचा रकाना कशासाठी असतो ते यातून बघ. तो प्रामाणिकपणे भरायला बसला असतास तर लिहावं लागलं असतं: "हा दावा टाकी पाठीवर घेणाऱ्या पुरुषांपुरताच आहे." असं लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न डोळ्यांसमोर येतो, उरलेले कोण. मग तुझ्या प्रबंधाचा विषय कदाचित अंगरखा राहणार नाही. बूच, माप, बादली आणि ढवळायची काडी हा होईल. कदाचित दोन्ही राहतील. ते तू ठरव. काकूला विचारून ठरव.

एक अवघड गोष्ट सांगते. २०१७ च्या त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यांत होती. नंतर कारणं सांगणारे पुष्कळ झाले. कोणी म्हणालं, मजुरांनी किट घातलं नाही. कोणी म्हणालं, दोन-तीन विषं एकत्र मिसळून मारली. कोणी त्या वर्षी डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीकडे बोट दाखवलं, कोणी जोराने मारणाऱ्या नव्या पंपांकडे, कोणी दवाई विकणाऱ्यांच्या सल्ल्याकडे. समोरची घटना तीच, पण प्रत्येक म्हणण्याखालचा दुवा वेगळा. आणि जो दुवा धरशील तशी वस्तू बनते: किट, किंवा बाटलीवर वाचता येईल अशी चिठ्ठी, किंवा वेगळं नोजल, किंवा विक्रीचा नियम. जो दुवा धरशील त्याप्रमाणे दोषही कोणाच्या तरी पदरी पडतो. "घालतच नाहीत" हे वाक्य ज्याच्या तोंडी सोयीचं आहे त्याच्या तोंडून निघून ते तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर येऊन बसलं आहे का, हे एकदा तपास. समिती विचारते त्या रिगरचा मला कळणारा अर्थ एवढाच आहे.

अंगरख्याविषयी. वस्तू करताना आपण शंभर निर्णय घेतो आणि त्यांतले नव्वद विसरतो. होर्स्ट रिटेल या जर्मन माणसाने वेर्नर कुन्ट्झबरोबर १९७० साली यावर एक सोपी रीत सुचवली: प्रश्न लिहा, त्याला सुचलेली सगळी उत्तरं लिहा आणि प्रत्येक उत्तराच्या बाजूची आणि विरुद्धची कारणं लिहा. याच रिटेलने पुढे १९७३ साली मेल्विन वेबरबरोबर असं मांडलं की नियोजनातले काही प्रश्न मुळातच असे असतात की त्यांची व्याख्या करणं म्हणजेच उत्तराची दिशा ठरवणं. तुझा प्रश्न त्याच जातीचा. पण आधी साधी वही तर कर. प्रश्न: हवा कुठून खेळवायची? उत्तरं: काखेतून, कुशीच्या पट्टीतून, पाठीतून. तू पाठ निवडलीस, तिथे जाळी लावलीस.

आता सांग, टाकी कुठे असते?

पाठीवर. तिचं झाकण नीट बसत नाही, वायसर झिजलेला असतो, वाकलं की ती सांडते. फवारणी करून आलेल्या माणसाचा सदरा बघ, पाठ ओली असते, आणि ती सगळी घामाने नसते. तुझी जाळी नेमकी तिथे आहे. हे तुला सुचलं नसेल असं मी म्हणत नाही. बहुतेक सुचलं असेल, दुसऱ्या नमुन्याच्या वेळी कोणीतरी बोललंही असेल, आणि उकाड्याच्या नादात ते मागे पडलं असेल. "विरुद्धची कारणं" असा रकाना वहीत मोकळा दिसत असता तर ते मागे पडलं नसतं.

"लोकांना आवडला" हे वाक्यही तपासून घे. कोणाला, कधी, घालून की हातात धरून? शेजारच्या पोराने शहरातून येऊन काही केलं तर आपल्याकडे वाईट कोण म्हणतं! तुझ्याकडे चौदा जणांचं बोलणं आहे आणि नऊ फवारण्यांचं पाहणं आहे. दोन्ही शेजारी शेजारी मांड. जिथे बोलणं आणि पाहणं जुळत नाही, त्या जागा खोडू नकोस. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी, तुमच्यापासून फार दूर नाही, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटाने महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा (आठवणी) लिहिल्या त्या घरी बसून लिहिल्या नाहीत. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडे हिंडून, विचारून लिहून घेतल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. त्या परंपरेत एकाच लीळेची वेगळी आठवण असेल तर तीही वेगळी म्हणून नोंदवून ठेवत. त्याला "वासना" म्हणत. तुझ्या चौदा जणांतला एखादा म्हणाला असेल, "उकडत नाही, पण लोक हासतात." त्याचं काय केलंस? ती तुझी वासना. ठेव ती.

मित्राला काय सांगायचं? त्याचं अर्धं बरोबर आहे. वस्तू करता करता जे कळतं ते दुसऱ्या कुठल्या रीतीने कळत नाही, आणि तू आधी शिवून मग विचार करायला लागलास यात काही चुकलं नाही. पण वस्तू आपल्या तोंडाने बोलत नाही. २००७ साली जॉन झिमरमन, जोडी फोर्लिझी आणि शेली इव्हन्सन यांनी डिझाइनमधून केलेलं संशोधन कशावर पारखावं याचे चार निकष मांडले: प्रक्रिया, नवेपणा, प्रस्तुतता, आणि पुढच्याला त्यावर उभं राहता येतं का. चौथा निकष मित्राला वाचून दाखव. उद्या चंद्रपुरातली एखादी मुलगी धानाच्या बांधीत फवारणाऱ्यांसाठी काही करायला निघाली, तर तुझा अंगरखा तिच्या कामाचा नाही; तिथे चिखल आहे, ऊन वेगळं, पीक वेगळं. तुझा दुवा आणि तुझे अपवाद मात्र तिच्या कामाचे आहेत.

आणि चौकटी-बाणांच्या चित्रात गुंतून पडू नकोस. संगणकावर ती फार देखणी निघतात. मी असे तक्ते पाहिले आहेत ज्यांत प्रत्येक चौकट भरलेली, प्रत्येक बाण सरळ आणि आत काही नाही; "टेकू" या चौकटीत "अनेक तज्ज्ञांच्या मते" एवढंच. मोडकं घर चुना लावल्याने उभं राहत नाही. तुला चार-पाच मोठे दावे पुरतात. बाकीचं साध्या गद्यात लिही.

तपासायला समितीची वाट बघू नकोस. न्यायदर्शनात वादाचा एक प्रकार वितंडा: स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची. मराठीत तो शब्द आता शिवी झाला आहे, पण एका संध्याकाळी तो तुझ्या कामाचा आहे. पंप मारणारे दोघे-तिघे, काकू, आणि कृषी केंद्रात बसणारा एखादा बडबड्या माणूस, यांना चहाला बोलाव. अंगरखा दाखवू नकोस. दावा आणि दुवा वऱ्हाडीत सांग आणि म्हण, हे खोटं पाडा. लोकांना वस्तूला नावं ठेवायला संकोच वाटतो, म्हणण्याला ठेवायला वाटत नाही. जे निघेल ते नावानिशी नाही, पण तारखेनिशी लिहून घे.

मार्गदर्शकांना जाऊन सांग की सर्व्हे नाकारत नाही, आधी काय विचारायचं ते ठरवतोय. दुवा एकदा नीट दिसला की कदाचित तीस जणांना एकच नेमका प्रश्न विचारावा लागेल, आणि त्याची किंमत दोनशेंच्या गोल आलेखापेक्षा जास्त असेल. ते ऐकतील असं वाटतं. नाही ऐकलं तर तीसचं काम दाखवून पुन्हा सांग.

बाबांना सध्या काही सांगू नकोस. हरभऱ्याच्या बांधावर त्यांनाच बरोबर घेऊन जा. कोण किती पंपाने मारतं, कोणाची टाकी गळते, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

एक शेवटचं, कामाचं. दवाई कुठे कुठे पडते ते बघायला लाखाची यंत्रं लागत नाहीत. उभी पऱ्हाटी अजून शेतात आहे. कपड्यांची नीळ पाण्यात कालव, पंपात भर, अंगात जुना पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा घाल, आणि दोन ओळी मारून ये. मग कपडे वाळत घाल आणि फोटो काढ: पाठ, मांड्या, मनगटं. तेच हरभऱ्यात कर. तेच काकूला पांढरे हातमोजे घालून नुसतं बूच उघडून ढवळायला लावून कर. फक्त पंप, बाटली, बादली, माप सगळं कोरं घे. दवाईचा पंप कितीही धुतला तरी यासाठी वापरू नकोस.